गल्ला वाढला, तरी मामा कावलेला का?

माझा मामा कोपरखैरण्यात किराणा दुकान चालवतो. आजोबा साताऱ्याकडून आलेले, वाशीच्या एपीएमसीत दाणाबंदरला माथाडी होते, पाठीवर गोण्या वाहून जे साठलं त्यातून हा गाळा झाला. आणि मी आठ वर्षं ठाण्यात एका सुपरमार्केट चेनच्या खरेदी खात्यात काढली, त्यामुळे आमच्याकडे भाऊबीजेला ओवाळून झालं की निरांजन विझायच्या आधी कोणीतरी मार्जिनवर घसरतंच. २०२५ च्या भाऊबीजेला मामा म्हणाला, "गल्ला चार टक्क्यांनी वाढलाय, पण घरी न्यायला पैसे कमी उरतायत." मामेभाऊ ऐरोलीला आयटीत आहे, तो लगेच, "पप्पा असं कसं होईल, विक्री वाढली म्हणजे नफा थोडा तरी वाढणारच ना."

नाही वाढत. पेपरात "ग्राहकांच्या खर्चाची वाढ मंदावली" असं छापून येतं तेव्हा आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही, वाढ मंदावली म्हणजे वाढतंय तर खरं ना अजून, पण दुकानदाराच्या पोटात गोळा येतो आणि तो का येतो हे चार आकडे मांडले की कळतं.

आकडे मामाचे खरे नाहीत, सोयीचे घेतलेत. समजा दुकानाची महिन्याची विक्री १० लाख. किराण्यात सरासरी १२ टक्के सुटतात असं धरू, म्हणजे हातात १ लाख २० हजार. त्यातून भाडं, दोन पोरांचे पगार, लाईट, फ्रीजचं मेंटेनन्स, पिशव्या, सगळं मिळून ९० हजार गेले. उरले ३० हजार. आता पुढच्या वर्षी विक्री ४ टक्के वाढली, १० लाख ४० हजार झाली, त्याचे १२ टक्के १ लाख २४ हजार ८००. पण खर्च ८ टक्के वाढला, कारण भाड्याचं अॅग्रीमेंट गिऱ्हाईक किती खरेदी करतंय बघून होत नसतं आणि पोरगा पण म्हणतो शेठ बाजूचा दोन हजार जास्त देतोय. खर्च झाला ९७ हजार २००. उरले २७ हजार ६००. विक्री ४ टक्के वर, कमाई ८ टक्के खाली. आणि तीच विक्री १२ टक्के वाढली असती तर उरले असते ३७ हजार २००, म्हणजे कमाई २४ टक्के वर! मधला फरक फक्त विक्रीच्या वाढीतला, बाकी काही बदललं नाही. म्हणून मोठ्या कंपन्या पण दर तिमाहीला "जुन्या दुकानांची वाढ किती" हाच आकडा पहिला बघतात, म्हणजे नवीन उघडलेली दुकानं बाजूला ठेवून आधीपासून चालू असलेल्या दुकानांची विक्री किती वाढली ते. नवीन दुकानं उघडून एकूण आकडा कोणीही फुगवू शकतं.

आता लोकांचा हात आखडतो कसा ते बघा, कारण ह्यात एक मजा आहे. ऑक्टोबर २०२४ ला खाण्यापिण्याची महागाई १०.८७ टक्क्यांवर गेली होती, भाजी आणि तेलाने जीव काढला होता, त्यात सप्टेंबरमध्येच सरकारने आयात तेलावरची ड्युटी एकदम वाढवली होती. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत शहरातल्या माणशी महिन्याच्या खर्चात खाण्याचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास निघाला. मग तेल-कांदा महाग झाल्यावर तेवढाच पगार असलेलं घर काय करणार, शाम्पू-चादर-डब्यांवरचं कापणार. ते समजू शकतो. पण पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२५ ला, किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यांवर आली, खाण्याचे भाव तर वर्षापूर्वीपेक्षा खाली. गिऱ्हाईक खूश, मग दुकानदारही खूश असायला पाहिजे ना? तर नाही, कारण तेवढीच तूरडाळ विकली तरी गल्ल्यात पैसे कमी येतात, १२ टक्के सुटतात ते पण कमी रकमेवर, आणि भाडं काही खाली येत नाही. महागाईत लोक कमी नग घेतात आणि स्वस्ताईत नगामागे पैसे कमी येतात. मामा म्हणतो तसं, "आमचं दोन्हीकडून ढोलकं."

हप्त्यांचा पण एक भाग आहे. कोविडनंतर लोकांनी पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्डवर भरपूर खरेदी केली, आरबीआयला ते खटकलं आणि नोव्हेंबर २०२३ ला असल्या बिनतारण कर्जांसाठी बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं, म्हणजे अशी कर्जं देणं बँकेला महाग पडायला लागलं. ज्यांची खरेदी ह्या कर्जांवर चालली होती त्यांचीच आटली.

बरं, हात आखडला म्हणजे लोक खरेदी बंद करतात का, तर तसं पण नाही. मामाच्या काउंटरमागे मी एक शनिवार उभी होते. सेक्टरमधल्या एक काकू, वर्षानुवर्षं महिन्याच्या एक तारखेला यादी पाठवणाऱ्या, पाच लिटरचा तेलाचा डबा ठरलेला. आता यादी नाही, आठवड्याला स्वतः येतात, तेलाची एक पिशवी, अर्धा किलो साखर, चहापत्तीचा छोटा पुडा. महिन्याचा हिशोब लावला तर खर्च फारसा कमी नाही झालेला. पण एकदम हजार-दोन हजार काढायचं धाडस होत नाही, आणि यादीत सहज चालून जाणारं नूडल्सचं मोठं पॅक किंवा रूम फ्रेशनर समोर उभं राहून घेताना हात मागे येतो. यादी तुटली की असलं सगळं पहिलं सुटतं.

त्याच दिवशी काकूंनी तेलाच्या दोन पिशव्या उचलून बघितल्या, एक वीस रुपयांनी स्वस्त, तीच घेतली. दिसायला सेम टू सेम. मी मागून वजन वाचलं. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, ही पिशवी होती ७५० ग्रॅमची. पूर्वी तेल, बिस्कीट, चहा अशा बऱ्याच वस्तू ठराविक वजनातच पॅक करायचा नियम होता, तो २०२२ मध्ये निघाला, त्यामुळे आता वजन कंपनीच्या मनावर. त्याबदल्यात पाकिटावर दर ग्रॅमचा किंवा दर मिलीचा भाव छापायला लावलाय, तो मुंगीच्या अक्षरात असतो पण खरा भाव तिथेच आहे, एमआरपीत नाही. तेवढं वाचायची सवय लावा राव, चष्मा घालून वाचा.

पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांचं तर वेगळंच शास्त्र. पाचचा पुडा सहाला केला की पोरगं दुसरा ब्रँड उचलतं, कारण त्याच्या हातात पाचचं नाणं आहे. म्हणून किंमत हलवत नाहीत, आतली बिस्किटं कमी करतात. बाहेरून पुडा तेवढाच, आत हवा जास्त. कंपन्यांना शिव्या घाला पण हे पण धरा की दुकानदाराच्या दृष्टीने पाचचा पुडा म्हणजे गिऱ्हाईक टिकवायचा शेवटचा धागा असतो, वेळ बरी आली की तेच घर परत मोठ्या पॅकवर येतं.

आता मोठी दुकानं काय करतात. इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण आठ वर्षं हेच केलं.

सुपरमार्केटमध्ये सगळ्या मालावर सारखं सुटत नाही. साखर, तेल, पीठ ह्यावर फार कमी, कधी कधी तर साखर पडत्या भावात द्यायची, ते फक्त माणूस दारात आणायला. खरी कमाई टीशर्ट, स्टीलची भांडी, बादल्या, चादरी, प्लॅस्टिकचे डबे, असल्यावर. म्हणून पीठ-डाळ अगदी आतल्या टोकाला ठेवतात आणि तिथपर्यंत जायला तुम्हाला भांड्यांच्या मधून जावं लागतं. हात आखडला की लोक शेवटपर्यंत जातात, डाळ घेतात, आणि भांड्यांकडे न बघता परत येतात. विक्रीचा आकडा ठीक दिसतो पण त्यातला मालाचा मिलाफ बिघडलेला असतो. डीमार्टचं उदाहरण जगजाहीर आहे, खाण्यापिण्याबाहेरच्या कपडे-भांडी ह्या मालाचा वाटा कोविडआधी एकूण विक्रीच्या पाव हिश्शाच्या वर होता, नंतर त्याच्या खाली आला आणि शेअर बाजारातले लोक दर तिमाहीला तोच प्रश्न विचारत बसले. (ठाणेकरांसाठी एक: ह्या कंपनीचं ऑफिस आपल्या वागळे इस्टेटमध्येच आहे, पहिलं दुकान मात्र २००२ ला पवईत.)

मग ह्यावर उपाय म्हणून चेनवाले स्वतःच्या नावाचा माल आणतात. फिनेल, टिश्यू, डाळी, ड्रायफ्रूट, झाडू. जाहिरातीचा खर्च नाही, मधला डिस्ट्रिब्युटर नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला १५-२० टक्के स्वस्त देऊन पण दुकानाला जास्त सुटतं. जर्मनीच्या आल्डीने तर अख्खं दुकानच असं बांधलं, बहुतेक सगळा माल स्वतःच्याच नावाचा. आपल्याकडे टाटांचं झुडिओ बघा, तेच कपड्यात, सगळं स्वतःचं, किंमत हजाराच्या आत, ऑनलाइन विकायच्या भानगडीत पडत नाहीत. लोकांनी कपड्यांवरचा खर्च कापला तेव्हा मधल्या किमतीचे ब्रँडवाले बसून होते आणि इथे रांगा. महाग पण चालतंय, स्वस्त पण चालतंय, मधलं अडकलंय. नेस्ले इंडियाचे तेव्हाचे प्रमुख सुरेश नारायणन २०२४ मध्ये हेच बोलले होते की मधला वर्ग आकसत चाललाय, त्यावर भरपूर चर्चा झाली होती. एका टोकाला पाचचा पुडा आणि दुसऱ्या टोकाला परदेशी चॉकलेट, मध्ये शुकशुकाट, हे मी आमच्या रॅकवर डोळ्यांनी बघितलंय.

पण हे सगळं वरवरचं. मंदावलेल्या दिवसांत दुकान मारतो तो अडकलेला माल, विक्री नव्हे. मला आठ वर्षांत एवढी एकच गोष्ट नीट कळली.

मामाच्या आकड्यांवर परत या. महिन्याला १० लाखाची विक्री म्हणजे खरेदीच्या भावाने ८ लाख ८० हजारांचा माल जातो, दिवसाला साधारण २९ हजारांचा. दुकानात २७ दिवसांचा माल असेल तर आठेक लाख गुंतलेत. आता गिऱ्हाईक मंदावलं, पण सेल्समन आला की "शेठ बारा पेटीवर एक फ्री, आजच्या दिवस स्कीम" असं म्हणत माल टाकून जातोय, कारण त्याचं महिनाअखेरचं टार्गेट अडलंय. हळूहळू २७ चे ४५ दिवस होतात. गुंतलेले पैसे ८ लाखांचे सव्वातेरा लाख. जास्तीचे सव्वापाच लाख वर्षाला १४ टक्के व्याजाने उचलले असतील तर महिन्याला सहा हजारांवर नुसतं व्याज. आणि महिन्याला उरतात किती, तर २७ हजार ६००. फुकटच्या पेटीने कमाईचा पाचवा हिस्सा खाल्ला, वर एक्सपायरी जवळ आली की ती पेटी अर्ध्या भावात काढायची ते वेगळंच.

हे लहान दुकानाचंच दुखणं आहे असं समजू नका. अमेरिकेत टार्गेट नावाची अवाढव्य चेन आहे, लॉकडाऊनमध्ये लोकांनी टीव्ही, फर्निचर, घरातल्या वस्तू धडाधड घेतल्या म्हणून त्यांनी तसाच माल भरला, आणि २०२२ ला पेट्रोल-किराणा महागल्यावर लोकांनी सोफ्याकडे पाठ फिरवली. जूनमध्ये जाहीर करावं लागलं की जास्तीचा माल भाव पाडून काढणार, ऑर्डरी रद्द करणार, नफ्यावर परिणाम होईल. एवढे कॉम्प्युटर, एवढे एमबीए, आणि चूक मामाच्या बारा पेट्यांचीच.

म्हणून शहाणे दुकानदार अशा काळात ब्रँड कमी करतात. आमच्याकडे एकदा टूथपेस्टचे ४० प्रकार होते, एवढा मिंट तेवढा जेल, आम्ही २६ वर आणले. भांडणं झाली, कंपन्यांची माणसं येऊन बसली, पण टूथपेस्टची विक्री जराही कमी झाली नाही, आणि रॅकवर जागा झाली तिथे स्वतःचा माल लावला. डीमार्टची ताकद पण मला भावापेक्षा ह्यातच वाटते, निवडक माल, तो पटापट फिरवायचा, पुरवठादाराचे पैसे लवकर द्यायचे आणि लवकर दिल्याबद्दल भाव कमी करून घ्यायचा, आणि दुकान शक्यतो स्वतःच्या मालकीचं म्हणजे दरवर्षी वाढणारं भाडं नाही. वरच्या हिशोबात ८ टक्क्यांनी वाढलेला खर्च आठवतोय ना, त्यातला मोठा तुकडाच त्यांनी कापून टाकला.

ज्यांना मालकी परवडत नाही ते दुकानं बंद करतात. रिलायन्स रिटेलने २०२४-२५ मध्ये अडीच हजारांवर नवी दुकानं उघडली, पण वर्षाखेरीला एकूण संख्या वाढली फक्त पाचशेच्या आसपास, बाकी हिशोब तुम्हीच करा. त्याला हार म्हणता येणार नाही, न चालणारी फांदी छाटली एवढंच. पण त्या फांदीवर काम करणाऱ्या पोरापोरींचं काय होतं ते कुठल्या तिमाही निकालात येत नाही.

महागड्या वस्तूंचं तंत्र निराळं, तिथे भाव लपवायचा. मी ठाण्यात एका दुकानातून वॉशिंग मशीन घेतलं, नो कॉस्ट ईएमआय, पोरगा म्हणाला एक रुपया जास्त नाही मॅडम. पहिल्या स्टेटमेंटला १९९ रुपये प्रोसेसिंग फी, त्यावर जीएसटी, आणि दर हप्त्यातल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. व्याज कुठून आलं म्हणाल तर ते असतंच, आरबीआयने २०१३ लाच बँकांना सांगितलंय की शून्य टक्के व्याज असली काही गोष्ट नसते. होतं काय तर व्याजाएवढी सूट कंपनी किंवा दुकानदार आधी देतो आणि बँक ते व्याज लावते, आकडा जुळतो, टॅक्स तुमच्या खिशातून. आणि रोख देणाऱ्याला तीच सूट हातात मिळू शकते, विचारलं तर. मी नव्हतं विचारलं, खरेदी खात्यात असून!

आणि मग २०२५ चा तो सव्वा महिना. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जाहीर झालं की जीएसटी कमी होणार. २७ ऑगस्टला गणपती. आता सांगा, टीव्ही स्वस्त होणार हे कळल्यावर गणपतीला कोण टीव्ही घेईल? ३ सप्टेंबरला दर ठरले, साबण-शाम्पू-टूथपेस्ट-बिस्कीट १८ वरून ५ वर, एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ वर, लागू २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेपासून. मधले दिवस लोक नुसते दुकानात येऊन भाव विचारून जायचे. मामाकडे काकू शाम्पूची बाटली घेत नव्हत्या, एक रुपयाच्या पुड्या घेऊन दिवस काढत होत्या. आणि दुकानदाराकडे जुन्या एमआरपीचा माल पडून, डिस्ट्रिब्युटर म्हणतो फरक क्रेडिट नोटने देऊ, म्हणजे पुढच्या बिलातून वजा करू, कधी ते विचारू नका. पाचच्या पुड्याचं तर काय करणार, साडेचारला विकून पन्नास पैसे कुठून आणायचे, म्हणून कंपन्यांनी उलट आतलं वजन वाढवलं. बिस्कीट वाढलेलं मी पहिल्यांदा बघितलं आयुष्यात.

मामाने मात्र त्या काळात एक गोष्ट केली जी आमच्या ऑफिसात करायला तीन मीटिंगा लागल्या असत्या. १५ ऑगस्टचं भाषण ऐकल्यावर त्याने साबण-शाम्पूची ऑर्डर बंदच केली. जेवढं आहे तेवढं, संपलं तर संपलं. सेल्समन रुसला. रॅकवर भोकं दिसायला लागली तर मामीने तिथे गणपतीचं सामान लावलं, कापूर, वाती, अगरबत्ती, रांगोळी, जे दहा दिवसांत जाणारच. घटस्थापनेला नवीन भावाचा माल आला तेव्हा त्याच्याकडे जुना जवळजवळ नव्हता, आणि दोन गल्ल्या पलीकडचा दुकानदार स्टिकर मारत बसला होता.

उधारीची वही पण त्याने बारीक केली. तीस घरं होती, आता अकरा, आणि रक्कम ठरलेली, वर गेली की व्हॉट्सअॅपवर नुसता आकडा पाठवतो, खाली हात जोडलेला इमोजी. घरपोच देतो पण दहा मिनिटांत वगैरे नाही. ब्लिंकिट-झेप्टोशी पळायची स्पर्धा करायला माझे गुडघे आहेत का असं विचारतो. त्यापेक्षा दळण आणून देतो, गिरणी शेजारीच आहे. त्यात पाच रुपये पण सुटत नाहीत, पण दळणासोबत यादी येते, आणि यादी आली की नूडल्सचं पॅक पण येतं.

मामेभावाला भाऊबीजेला हे सगळं कागदावर लिहून दाखवलं, २७ दिवस, ४५ दिवस, व्याज. तो म्हणाला पप्पा मी तुम्हाला एक अॅप बनवून देतो स्टॉकचं. मामा म्हणाला, "दे की." मग सांगायला लागला की आदल्या दिवाळीला उटण्याच्या सहा पेट्या घेतल्या होत्या स्कीमच्या नादात, चार संक्रांतीपर्यंत माळ्यावर. ह्या दिवाळीला दोनच घेतल्या. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री साडेनऊला एक जण पळत आला उटणं मागायला, आणि मामा म्हणाला, "संपलं की हो." हे सांगताना इतका खूश दिसत होता की आई म्हणाली, अरे गिऱ्हाईक परत गेलं आणि हसतोस काय.